तीस चित्रांचा सेकंद

१

सिटी हॉलच्या तळघरात माझी खोली आहे. खिडकी नाही. एक टेबल, दोन पडदे, आणि भिंतीतून जाणारा वाफेचा जुना पाइप, जो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ठणठणत असतो. सकाळी आठला मी येते, काळा थर्मास टेबलावर उजव्या हाताला ठेवते, बूट काढून सपाता घालते आणि कामाला लागते. पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यानं जे टिपलं ते बघायचं, आणि कुठल्या क्षणाला काय झालं ते चौकशी मंडळाला कळवायचं. ब्रॅनॉक हे काही मोठं शहर नाही, तरी वर्षाकाठी सहा-सात प्रकरणं येतातच.

त्याआधी एकोणीस वर्षं मी रेसकोर्सवर होते. दोन घोडे एकदम रेषा ओलांडायचे, हजार माणसं बोंबलायची, आणि कुणाचं नाक पुढे होतं ते मी फोटो बघून सांगायचे. शिव्या पोटभर खाल्ल्या, पण निकाल फिरवायची कुणाची टाप नव्हती. डोरीन स्टॅनिक एकदा बोलली की बोलली.

तिथली एक सवय मी इथे आणली. फोटो बघण्याआधी नुसत्या डोळ्यांना काय दिसलं ते आम्ही लिहून ठेवायचो. इथेही नवं चित्रण आलं की मी ते एकदाच बघते, नेहमीच्या वेगानं, मध्ये न थांबता. मग दोन मिनिटांत पिवळ्या कागदावर हातानं लिहिते, पाकिटात घालते, चिकटपट्टी लावून वर सही करते. त्यानंतरच चित्रण हळू करायचं, थांबवायचं, मोजायचं. पाकीट सुनावणीच्या शेवटी मंडळानं फोडावं असा नियम मी भांडून करून घेतला आहे. मंडळाचे लोक त्याला ‘डोरीनचं प्रेमपत्र’ म्हणतात आणि न फोडताच फाइलला लावून टाकतात.

नोव्हेंबरात प्रुइट प्रकरण आलं. लायनेल प्रुइट, वय बावन्न, खिडक्या-दारांची कामं करणारा. बहिणीनं घेतलेल्या रिकाम्या घरात दुपारी फटी बुजवत होता. शेजारणीनं फोन केला की घरात कुणीतरी आहे. वेंडेल ओक्स नावाचा पोलीस एकटा गेला, बाजूचं दार उघडलं, आणि गोळी झाडली. लायनेलच्या हातात फटी बुजवायचं अवजार होतं. लांब नळी, मागे मूठ, मुठीला चाप.

मी एकदा बघितलं, पिवळ्या कागदावर लिहिलं, पाकीट बंद केलं. काय लिहिलं ते आत्ता तुम्हालाही सांगणार नाही.

२

मंडळाला माझ्याकडून एक आकडा हवा असतो. माणूस दिसल्यापासून गोळी सुटेपर्यंत किती वेळ गेला? पाऊण सेकंदाच्या आत असेल तर पोलिसाला विचार करायला सवड नव्हती असं धरतात आणि तो परत गस्तीच्या गाडीवर जातो. वर असेल तर प्रकरण सरकारी वकिलाकडे, आणि मग तुरुंगही लांब नसतो. हा पाऊण सेकंद कुणी ठरवला ते कुणालाच आठवत नाही.

कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं काढतो. कोपऱ्यात घड्याळ असतं. दार उघडलं तेव्हा तिथे २:४१:०७ होतं, गोळी सुटली तेव्हाही तेच. मी एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. कडी वाजते. दार आत जातं. स्वयंपाकघराची खिडकी, तिच्यासमोर निळ्या शर्टातला माणूस वळलेला, अवजार पोटाशी. ओक्सचा आत ओढलेला श्वास. मग लखलखाट. एकोणीस चित्रं. पाऊण सेकंदाच्या आत, सुटला. मी वहीत एकोणीस लिहिलं आणि सँडविच खायला बसले.

जेवणानंतर मी नेहमी पुन्हा मोजते. तेवीस आली.

तेवीस म्हणजे पाऊण सेकंदाच्या वर, तेवीस म्हणजे खटला. मी स्वतःला दोन शिव्या घातल्या, डोळ्यांत थेंब घातले आणि बोट पडद्यावर टेकवून, तोंडानं मोठ्यानं मोजलं. एकतीस.

आता चूक माझी असू शकते, मी साठीला आले आहे. पण सेकंदात तीसच चित्रं असतात. कोपऱ्यातलं घड्याळ सातावरच उभं, आणि त्या एका सातात एकतीस चित्रं. डब्यात बारा अंडी मावतात आणि तू तेरा मोजलीस, तर तू मोजायला चुकलीस. मी स्वतःला हेच सांगितलं. मग पोलिसांच्या कोठारातून नवी प्रत मागवली, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावून दुसरं यंत्र लावून घेतलं. त्यानं फाइल तपासली, म्हणाला, “एक कणही जास्त नाही, मिस डोरीन. जशीच्या तशी आहे.” तो गेल्यावर मी मोजलं. त्रेचाळीस.

वाढलेली चित्रं नेमकी कुठे घुसली ते शोधायला मी दोन दिवस घालवले. ती कुठे चिकटवलेली नव्हती. अवजाराच्या टोकाशी पांढऱ्या लगद्याचा एक थेंब होता. सोमवारी तो मोहरीएवढा होता. बुधवारपर्यंत तो लांबून खाली लोंबायला लागला होता.

३

शुक्रवारी मी पहिल्या मजल्यावर पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, गरम करायला गेले. वेंडेल ओक्स तिथे कॉफीचा मग धरून उभा होता. चाळिशीचा, रुंद, केस उडालेले; चौकशी संपेपर्यंत त्याला कागदपत्रांच्या खोलीत बसवलं होतं.

“आपण बोलायचं नाही, ठाऊक आहे ना?” मी म्हटलं.

“ठाऊक आहे, मॅडम. एकच विचारतो. आज सकाळपासून अकरा वेळा बघितलंत ना?”

अकराच वेळा होत्या. मायक्रोवेव्हमध्ये पिरोगीची ताटली फिरत होती तिकडे मी बघत राहिले. “कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला हवं? मी होतो तिथे.”

“कुठे?”

“त्या दारात.” त्यानं मग खाली ठेवला. कॉफीवर साय धरली होती. “सव्वाआठला दात घासत होतो. एकदम दारात. हात पुढे, श्वास आत. मग गोळी, आणि परत बेसिनसमोर. बायको म्हणते, तू नुसते डोळे मिटलेस. आधी पटकन व्हायचं, म्हणून सोसलं. आता लांबतंय. एवढा वेळ असतो की त्या नळीवरचं सगळं वाचून झालं माझं. पांढरा. बाहेरच्या कामासाठी. गोठण्यापासून जपा.”

“मग झाडू नकोस ना गोळी. एवढी सवड आहे तर.”

“तुम्हाला काय वाटतं, मी बघत नाही करून?” त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “बोट ऐकत नाही. ते झालेलंच आहे. नुसता वेळ वाढलाय.”

मला सरळ राग आला. “वकिलानं छान पढवलंय हं. म्हातारी घाबरेल, हात आखडता घेईल, असंच ना? अरे बाबा, मला एकोणीस वर्षं जुगाऱ्यांनी घाबरवलंय. एकानं तर घोड्याची नाल गाडीच्या काचेत मारली होती. तू कोण लागून गेलास?”

“नका बघू, एवढंच म्हणतो,” तो म्हणाला.

मी खाली आले आणि मुद्दाम बघितलं. १:२२ ला, ३:०५ ला आणि ४:४८ ला. वेळा पेनानं तळहातावर लिहिल्या, घरी जाऊन साबणानं धुतल्या. सोमवारी सकाळी माझ्या दाराखाली घडी घातलेली चिठ्ठी होती. माझ्या तिन्ही वेळा तिच्यात लिहिलेल्या होत्या, मिनिटासकट बरोबर. खाली लिहिलं होतं: ‘४:४८ ची फार लांब होती.’

मी खुर्चीत बसून कारण शोधलं. शहाण्या माणसाला कारण सापडतंच. यंत्रात प्रत्येक वेळेची नोंद राहते, आणि पोलिसांत ओळखी कुणाच्या नसतात? झालं तर मग. चिठ्ठी मी फाडून टाकली.

४

अर्नेस्टीन प्रुइट सुनावणीच्या आदल्या आठवड्यात आली. लायनेलची बहीण. शाळेची बस चालवते, अंगात बस चालवण्याचंच जाकीट होतं, किल्ल्यांचा जुडगा हातात. तिनं दार वाजवलं, नाव सांगितलं, मी ‘या’ म्हणेपर्यंत बाहेर उभी राहिली. पडद्याकडे पाठ करून बसली.

“मिस स्टॅनिक, मला मतं नकोत. मतं रस्त्यानं जाणारा येणारा देतो. कुणी म्हणतं खून, कुणी म्हणतं बिचाऱ्या पोलिसाचं नशीब. मला आकडा सांगा. किती वेळ होता त्याच्यापाशी?”

“मंडळासमोर सांगेन.”

“म्हणजे ठरलाय आकडा?”

मी थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं. त्या सकाळी एकशे सत्याऐंशी आली होती. तिला काय सांगू? घड्याळ चालत नाही आणि तुझा भाऊ उभाच आहे?

“मी ते एकदा बघितलं,” ती म्हणाली. “आता नाही बघणार. सगळ्या गावानं माझ्या भावाला मरताना जेवढ्या वेळा बघितलंय, तेवढ्या वेळा त्याला कुणी ‘कसा आहेस’ म्हणून विचारलं नाही.” तिनं हातातला किल्ल्यांचा जुडगा फिरवला. “त्या स्वयंपाकघरात आता खिडकीच्या डाव्या बाजूनं वारा येत नाही. उजव्या बाजूनं येतो. तिथपर्यंतच झालं होतं त्याचं.”

उठताना तिनं पाठमोरीच विचारलं, “तुम्ही रोज बघता ना त्याला. कसा दिसतो?”

“उभा आहे,” मी म्हटलं.

५

त्याच दुपारी ते झालं. मी चित्रण नेहमीच्या वेगानं लावलं होतं. कडी वाजली, दार आत गेलं, लायनेल वळलेला दिसला, ओक्सनं श्वास ओढला, आणि पुढे काहीच नाही. घड्याळ सातावर. थेंब हळूहळू लांबत होता. चित्रण चालूच होतं, कारण खिडकीतल्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यानं तिच्यावरच्या कागदी पडद्याची कड हलत होती.

तेवढ्यात माझ्या भिंतीतला पाइप ठणठणला.

लायनेलनं मान वळवली. ओक्सकडे नाही, कॅमेऱ्याकडेही नाही. डावीकडे, जरा वर, माझा पाइप आहे तिकडे. दुसऱ्याच्या घरात काम करताना आवाज आला की माणूस कान देतो, तसा तो ऐकत होता. भुवई उंचावलेली. पाइप पुन्हा वाजला. त्याचे ओठ हलले. मग लखलखाट झाला, आणि घड्याळात आठ पडले.

मी उठून दार उघडलं आणि बराच वेळ जिन्यापाशी उभी राहिले. वरून टंकलेखनाचे, फोनचे आवाज येत होते, कुणीतरी वाढदिवसाचा केक वाटत होतं. योगायोग, मी म्हटलं. तो काहीतरी ऐकून वळला असेल, त्या घरालाही पाइप असतीलच. पण एकोणीस चित्रं होती तेव्हा त्यानं मान वळवलेली नव्हती. एकोणीस चित्रांत माणूस मान वळवू शकत नाही.

परत आत गेले ती चिडून गेले. कुणावर ते माहीत नाही. माझ्या मनात एक गोष्ट आली जी पहिल्याच दिवशी यायला हवी होती. हे सगळे मला एका सेकंदावर का बसवून ठेवतात? चित्रण काही सातव्या सेकंदाला सुरू होत नाही. ते ओक्स गाडीतून उतरतो तिथे सुरू होतं, दोन सदतीस पंधराला. तो भाग मी एकदाच पाहिला होता, पिवळ्या कागदावर लिहिण्याआधी. नंतर कधी नाही, कारण कुणी विचारतच नाही. आमच्या धंद्याची खोडच आहे ती. गोळीपासून मागे मोजायला लागायचं आणि दारापाशी थांबायचं.

मी मागे गेले. ओक्स उतरतो. वायरलेसवर कंट्रोल रूमची बाई म्हणते, “शेजारीण ओळखत नाही म्हणते. कामगारही असेल.” ओक्स म्हणतो, “कळलं.” ती म्हणते, “दुसरी गाडी तीन मिनिटांत पोचतेय.” हा म्हणतो, “कळलं.” दारासमोर एक पांढरी व्हॅन उभी आहे. तिच्या अंगावर वीतभर अक्षरं: ‘प्रुइट. खिडक्या, दारं, फटी.’ ओक्स व्हॅनच्या बाजूनं जातो. घराला वळसा घालतो. पुन्हा व्हॅनच्या बाजूनं येतो. बाजूच्या दारापाशी उभा राहतो. दार वाजवत नाही. हाक मारत नाही. कडीला हात घालतो.

तीन मिनिटं बावन्न सेकंद. मी मोजलं. परत मोजलं. त्या दिवशी सात वेळा आणि दुसऱ्या दिवशी नऊ वेळा मोजलं. एका चित्राचाही फरक आला नाही.

६

सुनावणी सकाळी दहाला होती. अध्यक्ष गस डेमार्को. शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालाय आणि अजूनही समोरच्याशी तो सातवीत असल्यासारखा बोलतो. त्याच्या दोन्ही हातांना दोन-दोन सभासद. एका बाजूला ओक्स आणि पोलिसांच्या युनियनचा वकील, दुसऱ्या बाजूला शहराचा वकील. मागच्या रांगेत अर्नेस्टीन. मी यंत्रापाशी, बटणावर हात ठेवून.

“डोरीन, अहवालात आकड्याची जागा कोरी आहे,” गस म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“तिच्या वहीत एकोणीस लिहिलंय,” युनियनचा वकील म्हणाला.

“आणि शेवटच्या पानावर दोनशे चाळीस,” शहराचा वकील म्हणाला. “बाईंच्या चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो.” दोघं पहिल्यांदाच एकत्र हसले.

“चालू कर,” गस म्हणाला. “आम्हाला डोळे आहेत.”

“व्हॅनपासून लावते.”

“दारापासून लाव.”

मी दारापासून लावलं. कडी वाजली. दार आत गेलं. निळा शर्ट, वळलेला चेहरा, श्वास. दोन एकेचाळीस सात. आणि मग खोलीतले सगळे वाट बघायला लागले.

अर्धं मिनिट गेलं असेल. शहराचा वकील म्हणाला, “अडकलं काय?” पण खिडकीवरचा कागदी पडदा हलत होता. लोंबणारा थेंब तुटून जमिनीवर पडला आणि टोकाशी दुसरा धरायला लागला. ओक्सनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. त्याची छाती फुगलेली होती आणि खाली येत नव्हती.

कुणाची तरी खुर्ची करकरली. लायनेलनं तिकडे पाहिलं. एका सभासदाला खोकला आला. लायनेलनं तिकडे पाहिलं. एकेकाकडे त्याची नजर जात होती, आणि चेहऱ्यावर भीती अशी नव्हतीच. घरात न विचारता घुसलेल्या माणसांकडे जसं बघतात तसं तो बघत होता.

गसच्या कपाळावर घाम आला. “बस झालं,” तो पुटपुटला. “होऊ दे एकदाचं.”

पडद्यावर, चित्राच्या खालच्या कडेला, पिस्तुलाची नळी केसभर वर आली.

“होऊ दे,” दुसरं कुणीतरी म्हणालं. नळी अजून वर आली. मला खोलीतली माणसं दिसत होती. वकील, सभासद, सगळी पुढे वाकली होती. कुणालाही त्या बिचाऱ्याचं वाईट चिंतायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना फक्त तो क्षण संपायला हवा होता. आणि माझ्याही घशाशी तोच शब्द आला होता.

मी बटण दाबून चित्रण थांबवलं.

ओक्सचा श्वास सुटला. सबंध खोलीला ऐकू आला.

“मी थांब म्हटलेलं नाही!” गस ओरडला.

“मी थांबवलंय.” मी उठून फाइलमधलं माझं पाकीट काढलं. “हे फोडायचा नियम आहे. आज फोडा.”

“आत्ता हा पोरखेळ नको, डोरीन.”

मग मीच फोडलं आणि वाचून दाखवलं. माझंच अक्षर, एकोणीस दिवसांपूर्वीचं. “दार उघडलं. आत माणूस. हातात पिस्तूल. त्यानं पिस्तूल वर उचललं.”

मी कागद गससमोर ठेवला.

“त्यानं काहीही उचललं नव्हतं,” मी म्हटलं. “पिस्तूलही नव्हतं. मी मऊ सपातांत बसले होते, हाताशी गरम कॉफी होती, मला कुणी मारायला येत नव्हतं, तरी मला पिस्तूल दिसलं. ह्याला दिसलं यात नवल नाही. म्हणून त्या सेकंदाचा आकडा मी देणार नाही. एकोणीसही नाही आणि दोनशेही नाही. तो सेकंद जितका बघाल तितका वाढेल, आणि शेवटी या खोलीतला प्रत्येक जण म्हणेल की मी असतो तर नीट केलं असतं. खोटं आहे ते. आत्ताच तुम्ही काय केलंत ते मी बघितलंय.”

मागून अर्नेस्टीन उभी राहिली. “म्हणजे तो सुटला? हेच ना?”

“नाही,” मी म्हटलं. “माझ्याकडे दुसरा आकडा आहे. तीन मिनिटं बावन्न सेकंद. तो काही केल्या वाढत नाही.”

“ते मंडळानं विचारलेलं नाही,” युनियनचा वकील म्हणाला.

“विचारा ना.” हा ओक्सचा आवाज होता. वकिलानं त्याची बाही धरली, ती त्यानं सोडवली. “मला कुणी विचारतच नाही. रोज त्या दारात उभं करता. व्हॅनपाशी एकदा तरी उभं करा. दोनदा गेलो तिच्या बाजूनं. अक्षरं दिसली. वाचली नाहीत. दुसरी गाडी येत होती, थांबलो नाही. दार वाजवलं नाही. तेव्हा वेळ होता माझ्याकडे.”

“पुन्हा सांग,” अर्नेस्टीन म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं, शब्दन् शब्द, तिच्याकडे बघत.

तिनं जाकिटाची चेन वर ओढली. “व्हॅन माझ्या अंगणात आहे,” ती म्हणाली. “अक्षरं अजून तशीच आहेत.” आणि किल्ल्या उचलून निघून गेली.

७

सुनावणी तहकूब झाली. ओक्सचं बोलणं कागदावर घ्यायचं नाही असं ठरलं, कारण ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. दुपारी मला पत्र मिळालं. डोरीन स्टॅनिक यांनी नेमून दिलेला आकडा देण्यास नकार दिला आहे, सबब उद्या सकाळी दहा वाजता यंत्र आणि खोलीच्या किल्ल्या ताब्यात घेण्यात येतील. नवा तपासनीस चित्रण पुन्हा आरंभापासून तपासेल. आरंभ म्हणजे दार, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

मी पत्राच्या पाठीवर उत्तर लिहून गसला पाठवलं. ‘गस, तो सेकंद आत्ता थांबलेला आहे. लायनेल उभा आहे आणि वेंडेलच्या बोटाचा चापावर अजून जोर पडलेला नाही. लायनेल मेला आहे आणि पुरलेला आहे हे मला तुझ्याइतकंच कळतं. पण तुमच्यापैकी कुणाच्याही हातानं मी तो सेकंद पुढे सरकू देणार नाही. व्हॅनपासून बघायचं असेल तर ये, मी कॉफी देते. आणि यायचं असेल तर दार वाजव, नाव सांग, आणि मी हो म्हणेपर्यंत बाहेर थांब. शहरानं एवढं तरी शिकावं.’

आज सकाळी मी सातलाच आले. आतून कुलूप लावलं, कडीही घातली. बूट काढले नाहीत. सुनावणीहून परत खाली आणलेल्या यंत्राच्या पडद्यावर तो सेकंद तसाच थांबवलेला होता: निळा शर्ट, पोटाशी अवजार, टोकाला धरलेला थेंब. बटणाला हात लावायचा नाही म्हणून मी खुर्ची भिंतीशी ओढली आणि त्याच्याकडे बघत बसले. पाइप वाजत होता. थांबवलेल्या चित्रात काही हलू शकत नाही, आणि हललंही नाही, मी तास दोन तास डोळे लावून होते.

दहाला पाच कमी असताना जिन्यावर बूट वाजले. दोन माणसांचे, वजनदार. माझ्या दाराबाहेर येऊन थांबले. मी वाट बघितली. दारावर माझं नाव आहे, वीतभर अक्षरांत.

पाइप बंद पडला. बाहेर कुणी काही बोललं नाही. कुलपात किल्ली फिरली, सिटी हॉलच्या कुठल्यातरी जुडग्यातली.

पडद्यावर लायनेलनं मान वळवली आणि माझ्या दाराकडे पाहिलं.

मी उभी राहिले. थर्मास केव्हा उचलला ते मला माहीत नाही, पण तो माझ्या हातात होता, काळा, लांबट, पोटाशी धरलेला. खाली ठेवावा असं वाटलं, आणि मग वाटलं, का म्हणून? खोली माझी आहे. कॉफी माझी आहे. मी माझं काम करते आहे.

कडी बाहेरून हलली, वाजली.

“आधी नाव सांगा!” मी जीव खाऊन ओरडले. “दार वाजवा आणि नाव सांगा!”